गाड्यांच्या थरारक टीव्ही कार्यक्रमांतले धोके खरे की रचलेले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात उत्तर काय?

अडचण बहुतेक वेळा ठरवून आणलेली असते. ती आल्यावर गाडी, पाणी, चिखल आणि माणूस कसे वागतील, हे मात्र कुणालाही आधी लिहून ठेवता येत नाही. म्हणून अख्ख्या दृश्यावर ‘खरं’ किंवा ‘खोटं’ असा एकच शिक्का मारू नका. तीन गोष्टी वेगळ्या काढा: अडचण कुणी आणली? अडचणीत पुढे जे घडलं ते खरोखर घडलं का? आणि पडद्यावर दिसणारा क्रम घडला तसाच आहे का? पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा ‘निर्मात्यांनी’ असं येतं. दुसऱ्याचं ‘बरंचसं हो’. तिसऱ्याचं जवळजवळ नेहमीच ‘नाही’.

याचं एखादं ठोस उदाहरण?

बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या गाड्यांच्या कार्यक्रमातली रिलायंट रॉबिन. २०१० सालच्या त्या भागात सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसन यांची तीनचाकी गाडी प्रत्येक वळणावर आडवी होताना दिसते. २०१६ मध्ये क्लार्कसन यांनी आपल्या वृत्तपत्रीय स्तंभात कबूल केलं की गाडी सहज उलटावी म्हणून तिच्या डिफरन्शियलमध्ये (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या संचात) मुद्दाम फेरफार करून घेतले होते.

म्हणजे उलटणं खरं, उलटण्याचं कारण रचलेलं. पण गाडीच्या रचनेतला दोष काही खोटा नव्हता. पुढे एक आणि मागे दोन चाकं असली की जमिनीवर आधाराचा त्रिकोण तयार होतो आणि त्याचं टोक पुढे येतं. वळणात ब्रेक मारला की वजन एकाच वेळी पुढे आणि बाहेरच्या बाजूला सरकतं, म्हणजे नेमकं त्रिकोण जिथे अरुंद आहे तिकडे. चारचाकीला त्या कोपऱ्यात एक चाक असतं, इथे काहीच नसतं. म्हणून अशी गाडी ब्रेक मारून झाल्यावर, सरळ रेषेत वेग कमी करून मगच वळवायची असते. हे पाळलं तर रॉबिन रोजच्या वापरात तशी पडत नाही. त्या भागामुळे गाडीची जी प्रतिमा झाली ती तिच्यावर अन्याय करणारी आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अपघात ‘अचानक’ झाला, मग कॅमेरा आधीच तिथे कसा?

कारण जागेची रेकी आधी झालेली असते. नदीचा उतार, दरीचं वळण, मऊ वाळूचा पट्टा ही ठिकाणं दिग्दर्शकाने आधीच हेरून ठेवलेली असतात आणि गाडी तिथे अडकेल असा त्याचा अंदाज असतो. एवढ्यावरून प्रसंग खोटा ठरत नाही. चिखलाच्या खड्ड्यापाशी कॅमेरा लावून बसणं म्हणजे गाडी खड्ड्यात ढकलणं नव्हे.

शंका घ्यायची ती दुसऱ्या ठिकाणी. बिघाड गाडीच्या आत अचानक झाला, उदाहरणार्थ सरळ रस्त्यावर चाक निखळलं, आणि तरीही ते क्षण बाहेरून दोन-तीन कोनांतून, नीट फोकसमध्ये, ट्रायपॉडवरून टिपलेले असतील, तर तो भाग पुन्हा घडवून घेतलेला आहे असं धरून चाला.

घरी बघताना नेमकं काय तपासायचं?

काठापासून सुरुवात करा. ‘आजवर इथून कुणी गेलं नाही’ असं सांगत गाडी पाण्यात उतरते, आणि काठावर टायरच्या ओल्या चाकोऱ्या आधीच उमटलेल्या असतात. याचा अर्थ कॅमेऱ्याची किंवा मदतीची गाडी पुढे जाऊन आली आहे, किंवा हा दुसरा-तिसरा टेक आहे.

नंतर काच बघा. वायपरने पुसलेला अर्धगोल आणि त्याबाहेरचा चिखल हा उत्तम साक्षीदार असतो. एका शॉटमध्ये चिखल वाळलेला, पुढच्यात ओला, त्यापुढच्यात काच स्वच्छ, असं दिसलं तर क्रम बदललेला आहे. सावल्यांचंही तेच. गाडी वळलेली नसेल तर दहा मिनिटांच्या प्रसंगात सावली गाडीच्या डाव्या बाजूकडून उजवीकडे जात नाही. इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा दिसला तर चित्र थांबवून वाचा.

आवाजावर तर अजिबात विसंबू नका. खडी किंवा मातीवर टायर किंचाळत नाहीत, ते खरखरतात. मातीच्या रस्त्यावर टायरची लांब किंकाळी ऐकू आली तर ती एडिटिंगच्या टेबलावर घातलेली आहे. वायरलेसवरचं संभाषण चालू असताना बोलणाऱ्याचं तोंड दिसतच नसेल, तर ते वाक्य नंतर रेकॉर्ड केलेलं असण्याची शक्यता मोठी.

शेवटी लेन्स. लांब फोकल लेंग्थची लेन्स अंतर दाबते, त्यामुळे दहा मीटर लांबचा ट्रक बंपरला टेकल्यासारखा दिसतो. रुंद कोनाची लेन्स बोनेटवर जमिनीलगत बसवली की ताशी चाळीसचा वेगही ऐंशीसारखा भासतो.

दरीच्या कडेचे रस्ते तरी खरे ना?

रस्ते खरे, रहदारी मात्र निवडलेली. बोलिव्हियातला यंगास रस्ता ‘मृत्यूचा रस्ता’ म्हणून ओळखला जातो. टॉप गिअरचा तिथला विशेष भाग २००९ मध्ये दाखवला गेला, पण २००६ मध्येच पर्यायी नवा रस्ता सुरू होऊन बहुतेक वाहतूक तिकडे गेली होती. तरीही दरी तितकीच खोल होती आणि कडा तितकीच ठिसूळ. समोरासमोर गाड्या येऊन एक कडेला सरकते, त्या दृश्यात सरकणाऱ्या चाकाखालून निसटणारी माती कुणी रंगवलेली नसते.

या रस्त्याचा एक नियम अशा दृश्यांकडे बघताना उपयोगी पडतो. बोलिव्हियात एरवी वाहनं उजवीकडून चालतात, पण इथे डावीकडून. स्टिअरिंग डाव्या बाजूला असल्यामुळे दरीच्या बाजूचा चालक खिडकीतून वाकून आपलं बाहेरचं चाक आणि कडा यांतलं अंतर स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकतो. उतरणाऱ्या गाडीने बाहेरची बाजू घ्यायची आणि चढणाऱ्याला वाट द्यायची.

नदी ओलांडताना इंजिन बंद पडतं ते नाटक असतं का?

हे नाटक करायची गरजच पडत नाही. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. एअर इनटेकमधून, म्हणजे इंजिन हवा घेतं त्या नळीतून, ते सिलिंडरमध्ये शिरलं की वर येणारा पिस्टन जागीच अडतो, क्रँकशाफ्ट मात्र फिरत राहू बघतो आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा कमी, त्यामुळे तिथे थोडंसं पाणीही पुरतं.

कार्यक्रमात जे दाखवत नाहीत ते महत्त्वाचं आहे. आधी कुणीतरी काठी घेऊन पायी चालत खोली आणि तळ तपासतं. इंजिनचा पंखा पाण्यात पाती वाकवून रेडिएटरमध्ये घुसू नये म्हणून पट्ट्यावर चालणाऱ्या पंख्याचा पट्टा सैल करतात. अॅक्सलच्या ब्रीदरच्या, म्हणजे आतली हवा बाहेर-आत होऊ देणाऱ्या, नळ्या वर उंचावर नेऊन बांधतात. तापलेला अॅक्सल गार पाण्यात एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि नळी खालीच असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचं तेल दुधाळ दिसलं की समजायचं. स्नॉर्केल, म्हणजे इंजिनसाठी उंचावरून हवा घेणारी नळी, बसवलेलं असतं, पण त्याचे जोड सील केलेले नसतील तर ते नुसती शोभा आहे.

बंद पडल्यावर चालक पुन्हा पुन्हा स्टार्टर मारताना दिसला तर दोनच शक्यता: एकतर इंजिनात पाणी गेलेलंच नाही, किंवा ते इंजिन आता कामातून गेलं. योग्य पद्धत म्हणजे गाडी ओढून बाहेर काढायची, पेट्रोल असेल तर स्पार्क प्लग आणि डिझेल असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढायचे, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर फेकू द्यायचं, एअर फिल्टर आणि तेल बदलायचं.

बर्फावरून ट्रक नेण्याचे कार्यक्रम कितपत खरे?

गोठलेल्या तळ्यांवरून माल नेणाऱ्या चालकांचा ‘आइस रोड ट्रकर्स’ २००७ मध्ये सुरू झाला. कार्यक्रमाच्या शीर्षकाच्या वेळी बर्फ फुटून ट्रक पाण्यात जाताना दिसतो, ते दृश्य छोट्या मॉडेलवर चित्रित केलेलं होतं. बर्फ तडतडतो तेव्हा संगीत चढतं आणि चालकाचा चेहरा दाखवतात. पण थंडीत आकुंचन पावताना आणि भार आल्यावर बर्फ तडतडतोच, ती त्याची नेहमीची भाषा आहे.

खरा धोका कॅमेऱ्याला दिसत नाही. जड ट्रक चालतो तेव्हा बर्फ त्याच्याखाली किंचित खोलगट होतो आणि खालच्या पाण्यात ट्रकबरोबर एक लाट सरकते. ट्रकचा वेग त्या लाटेच्या नैसर्गिक वेगाशी जुळला तर लाट वाढत जाते, आणि किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की ती परतून बर्फ खालून फोडते. म्हणून कॅनडातल्या टिबिट ते काँटवॉयटो या हिवाळी रस्त्यावर भरलेल्या ट्रकला ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असते, किनाऱ्याशी त्याहून कमी, आणि दोन ट्रकमध्ये मोठं अंतर ठेवावं लागतं. साधारण ७० सेंटिमीटर बर्फ झाल्यावर हलका माल सुटतो, पूर्ण भरलेल्या गाड्यांसाठी एक मीटरच्या वर जाडी लागते. तासन्‌तास २५ च्या वेगाने गाडी हाकणं पडद्यावर कंटाळवाणं दिसतं, म्हणून त्यावर तडतडाट आणि वेगवान कट चढवले जातात. तो संथ वेग हाच तिथला सर्वांत थरारक तपशील आहे, आणि तो नीट समजावून सांगितला जात नाही याची खंत वाटते.

गाजलेले अपघात खरे होते का?

हो. याबद्दल शंका घेणं जखमी झालेल्यांवर अन्याय आहे.

२० सप्टेंबर २००६ रोजी यॉर्कजवळच्या एल्विंग्टन धावपट्टीवर टॉप गिअरचे सूत्रसंचालक रिचर्ड हॅमंड ‘व्हँपायर’ ही जेट इंजिनची गाडी चालवत होते. आधीच्या फेरीत ताशी ५०० किलोमीटरच्या पुढे जाऊन आले होते. शेवटच्या फेरीत ४६० च्या वेगाला पुढचं उजवं चाक फुटलं, गाडी उलटली आणि त्यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली. हा भाग जानेवारी २००७ मध्ये दाखवला गेला. जून २०१७ मध्ये याच सूत्रसंचालकांच्या पुढच्या कार्यक्रमासाठी, ‘द ग्रँड टूर’साठी, स्वित्झर्लंडमधल्या हेमबर्ग इथे त्यांची रिमॅक कन्सेप्ट वन ही इलेक्ट्रिक गाडी उतारावर घसरून खाली कोसळली. ते बाहेर निघाले, गुडघ्याचं हाड मोडलं, गाडी जळून गेली.

‘द ग्रँड टूर’चे दुसरे सूत्रसंचालक जेम्स मे यांचा २०२२ मधला अपघात या विषयात सर्वांत बोलका आहे. नॉर्वेत अंधाऱ्या बोगद्यात वेग घ्यायचा आणि शेवटच्या भिंतीआधी थांबायचं, असा खेळ निर्मात्यांनीच आखलेला होता. मित्सुबिशी लान्सर भिंतीवर आदळली आणि मे यांची बरगडी मोडली. खेळ रचलेला, बरगडी खरी.

१३ डिसेंबर २०२२ रोजी डन्सफोल्ड धावपट्टीवर टॉप गिअरच्या शूटिंगमध्ये सूत्रसंचालक आणि माजी क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफ यांची तीनचाकी मॉर्गन सुपर थ्री उलटली. गाडी उघडी, डोक्यावर हेल्मेट नाही. चेहऱ्याला गंभीर जखमा झाल्या. शूटिंग थांबलं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने कार्यक्रम नजीकच्या काळात परतणार नाही असं जाहीर केलं.

खरा अपघात पडद्यावर वेगळा दिसतो का?

बहुतेकदा होय. फ्रेम बिघडलेली असते, गाडी चौकटीच्या बाहेर जाते, कॅमेरामन कॅमेरा सोडून धावतो. मागे संगीत नसतं. अग्निशामक घेऊन कुणीतरी मध्येच चौकटीत शिरतं. आणि एडिटिंगमध्ये कितीही ताणलं तरी दृश्य काही सेकंदांचंच राहतं, कारण त्यापुढे कुणी शूट केलेलंच नसतं.

गाडी कशालाही न अडखळता हवेत उडून गोलांट्या खाते. ते कसं करतात?

दोन नेहमीच्या पद्धती आहेत. एकीत फक्त एका बाजूच्या चाकांसाठी नळीसारखा उतार ठेवतात, गाडी त्यावर चढली की कलंडते. दुसरीत गाडीच्या तळाला उभी नळकांडी बसवून नायट्रोजनच्या दाबाने एक जाड दांडका जमिनीवर आदळवतात. ‘कसिनो रॉयल’ या २००६ च्या चित्रपटात अॅस्टन मार्टिनने सात पलट्या घेऊन विक्रम केला तो दुसऱ्या पद्धतीने. बाजूला काही नसताना एक बाजू उचलली गेली तर यातलंच काहीतरी.

खिडकीतून आत रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी छत चेपू न देणारा नळ्यांचा पिंजरा, दिसतो का तेही बघा. मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या, एफआयएच्या नियमांनुसार मुख्य कमान कोल्ड ड्रॉन, सांधाविरहित पोलादी नळीची असते: ४५ मिलिमीटर व्यास आणि अडीच मिलिमीटर जाडी, किंवा ५० आणि दोन. ‘भंगारातून काल आणलेल्या’ गाडीत अशी कमान वेल्ड केलेली दिसली, तर गाडी उलटणार हे कुणालातरी आधी माहीत होतं.

आणि गाडीचा स्फोट?

पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के या पट्ट्यातच पेट घेते. टाकीत वाफ इतकी दाट असते की ठिणगीला पुरेशी हवाच मिळत नाही. नारिंगी आगीचा गोळा हे पेट्रोल आणि स्फोटक चार्ज वापरून केलेलं काम असतं. खरी गाडी बोनेटखालून पेटते, काळा धूर सोडते, मग टायर आणि मागच्या दाराचे गॅसचे दांडे एकेक करून फुटतात. इलेक्ट्रिक गाडीचं वेगळं आहे: विझलेली बॅटरी खराब झालेल्या सेलमुळे तासांनी, कधी दिवसांनी पुन्हा पेटू शकते.

एखाद्या कंपनीने यावर दावा ठोकला होता का?

टेस्लाने. डिसेंबर २००८ मधल्या टॉप गिअरमध्ये रोडस्टर गाडी हँगरमध्ये ढकलत नेताना दाखवली होती आणि ट्रॅकवर ती ५५ मैलांत संपेल असं म्हटलं होतं. गाडीचं चार्जिंग प्रत्यक्षात संपलंच नव्हतं, असं कंपनीचं म्हणणं. कार्यक्रमाची बाजू अशी की संपल्यावर काय होईल ते आम्ही दाखवलं. २०११ मध्ये दाखल झालेला दावा न्यायालयांनी फेटाळला, अपील २०१३ मध्ये. कायद्याने निकाल लागला असला तरी ती गाडी ढकलण्याचं दृश्य प्रेक्षकाची दिशाभूल करणारं होतं, असं आम्हाला वाटतं.

यापेक्षा गंभीर प्रकार बातम्यांच्या कार्यक्रमांत घडले आहेत. अमेरिकेत ‘सिक्स्टी मिनिट्स’ने १९८६ मध्ये ऑडी ५००० आपोआप वेग घेते असं दाखवलं, त्यासाठी ट्रान्समिशनला भोक पाडून आत दाबाखाली हवा सोडली होती. १९८९ मध्ये सरकारी तपासात मुख्य कारण निघालं चालकाचा पाय चुकीच्या पेडलवर पडणं. ‘डेटलाइन एनबीसी’ने नोव्हेंबर १९९२ मध्ये जनरल मोटर्सच्या ट्रकखाली पेटवणारी उपकरणं बसवून टक्कर घडवली आणि ते प्रेक्षकांना सांगितलं नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये वाहिनीला प्रक्षेपणातच माफी मागावी लागली.

मग नियम काही आहेत की नाहीत?

ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामक संस्थेच्या प्रसारण संहितेतला २.२ हा नियम आहे: वस्तुस्थिती मांडणाऱ्या कार्यक्रमाने प्रेक्षकाची लक्षणीय दिशाभूल करू नये. सगळा जोर ‘लक्षणीय’ या शब्दावर. सूत्रसंचालकाची फजिती रचणं चालून जातं. गाडी धोकादायक आहे असं खोटं दाखवणं हे त्याच मापाने मोजता येत नाही.

‘तिघेच निघाले’ म्हणतात, मागे किती जण असतात?

तिघे सूत्रसंचालक कधीच एकटे नसतात. कॅमेऱ्याच्या गाड्या, मेकॅनिक, पॅरामेडिक, स्थानिक वाटाडे, इंधन, सॅटेलाइट फोन. २००७ च्या ध्रुवीय मोहिमेसाठी टॉप गिअरने वापरलेल्या टोयोटा हायलक्स आइसलँडच्या आर्क्टिक ट्रक्सने ३८ इंची टायर लावून तयार केल्या होत्या.

यातलं काय बघून तसंच केलं तर जिवावर बेततं?

रुतलेली गाडी ओढणं. कार्यक्रमात दोर बांधला, झटका दिला, गाडी निघाली, एवढंच दिसतं. दोर बांधला कुठे ते बघा. ट्रेलर जोडायचा मागचा गोळा झटक्याच्या भारासाठी बनवलेला नसतो. तो तुटला तर ताणलेला दोर त्याला तोफेच्या गोळ्यासारखा समोरच्या गाडीच्या काचेतून आत नेतो, आणि अशाने माणसं दगावली आहेत. दोर चासीला बोल्ट केलेल्या, भार लिहिलेल्या हुकालाच लावा. झटका द्यायचा असेल तर ताणला जाणारा नायलॉनचा दोर हवा, पोलादी तार किंवा साखळी नको. ओढण्याआधी चाकांपुढची माती फावड्याने काढा आणि टायरमधली हवा कमी करा. वाळूत १५ ते १८ पीएसआयवर आणलं की बऱ्याचदा दोराची गरजच राहत नाही. दोराच्या मधोमध जाड ओलं गोणपाट किंवा भारी चादर टाका, म्हणजे तुटला तर तो खाली पडेल. दोन्ही गाड्यांचे चालक सोडून बाकी सगळ्यांनी दोराच्या लांबीच्या निदान दीडपट अंतरावर, बाजूला उभं राहायचं.